कोकनी गळाला लागतो, पण बोटीपर्यंत येत नाही: काठी आणि रीळ तपासायची पद्धत

काठीचं टोक दोनदा खाली लवतं. क्लिप सुटते, काठी उसळते. तुम्ही ती होल्डरमधून काढता, रिळाचे दहा-बारा फेरे मारता, पलीकडे काहीतरी जिवंत गिरक्या घेतंय हे मनगटाला कळतं, आणि मग एकदम काहीच नाही. उरतं ते पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या पत्र्याचं वजन. वर काढून बघावं तर गळ जागेवर, गाठ जागेवर, कधी कधी आमिषाचा मक्याचा दाणासुद्धा जागेवर.

एकदा झालं तर सोडून द्यावं. एका सकाळी सहा-सात वेळा झालं तर दोष सामानात आहे, आणि तो शोधून काढता येतो.

कॅलिफोर्नियात ट्रकी गावाच्या उत्तरेला, सुमारे ६,००० फूट उंचीवर स्टॅम्पीड जलाशय आहे. लिटल ट्रकी नदीवरचं हे धरण १९७० साली पुरं झालं. तिथे आमचा पहिला मोसम असाच गेला. जुलैतल्या एका सकाळी मुलाने वहीत मोजून ठेवलं: अकरा लागले, दोन बोटीत आले. बाकीच्या नऊ माशांचं मला अजून वाईट वाटतं, कारण असा मासा धडधाकट सुटत नाही, जबड्याची कड फाटून सुटतो. पुढचे दोन उन्हाळे मी हाच एक प्रश्न धरून बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. अमेरिकेच्या पश्चिमेकडे किंवा ब्रिटिश कोलंबियात राहणारे आपले बरेच लोक आता तळ्यांवर जातात आणि पहिल्या वर्षी याच ठिकाणी अडकतात.

आधी मासा

कोकनी म्हणजे समुद्राकडे न जाणारा सॉकाय सामन. जात तीच, आयुष्य मात्र सगळं गोड्या पाण्यात. नावाचा आपल्या कोकणाशी काही संबंध नाही. ते ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागातल्या सॅलिश भाषांमधून आलंय. (आमच्या घरी आई अजूनही त्याला ‘कोकणी मासा’च म्हणते आणि मी ते दुरुस्त करत नाही.) कॅलिफोर्नियात तो मूळचा नाही, आणून सोडलेला आहे. टाहो तळ्यात तो १९४४ पासून आहे, आणि दर शरद ऋतूत टेलर क्रीकमध्ये अंडी घालायला चढणारे लालभडक मासे बघायला लोक गर्दी करतात. तीन-चार वर्षांचं आयुष्य, एकदाच अंडी, मग मरण.

बहुतेक तळ्यांत तो १२ ते १६ इंचांचा मिळतो, वजन पाऊण ते दीड पौंड. जागतिक विक्रम ९ पौंड १० औंसांचा आहे, २०१० साली ओरेगनच्या वॉलोवा तळ्यातला, पण आपलं सामान त्या माशाच्या हिशेबाने घ्यायचं नाही.

कोकनी पाण्यातले सूक्ष्म जीव कल्ल्यांतल्या गाळणीने गाळून खातो. भक्ष्याला चावून धरायची त्याला गरज पडत नाही, त्यामुळे त्याचं तोंड ट्राउटसारखं दणकट नसतं. पापड जास्त पातळ लाटला की उजेडात आरपार दिसतो ना, तसा त्याच्या जबड्याच्या कडेचा पडदा असतो. गळ तिथेच रुततो. आपण लावलेल्या गुलाबी हूचीवर (झालरीसारखं रबरी नकली आमिष) तो झडप घालतो ती भुकेने नव्हे, चिडून, असं जुने कोकनीवाले सांगतात. म्हणजे गळ खोल गिळला जाण्याची शक्यताही कमी. कडेला, पातळ कातडीत, एका बारीक भोकावर सगळा कारभार चाललेला असतो.

पुढचं सगळं त्या भोकाभोवती फिरतं. प्रत्येक हिसक्याने भोक थोडं रुंदावतं. रुंद भोकातला गळ दोर ताठ असेतो टिकतो, क्षणभर सैल पडला की गळून पडतो. हिसका बसू द्यायचा नाही आणि सैलही पडू द्यायचं नाही, ही दोन्ही कामं एकाच वेळी व्हायला हवीत. हलकी काठी आणि हलकं रीळ त्यासाठी लागतं. मजा यावी म्हणून, किंवा दुकानात तसं लिहिलंय म्हणून नव्हे.

मासा नेमका कधी सुटला?

सामान बदलण्याआधी एक वही करा आणि सुटलेल्या प्रत्येक माशापुढे एकच गोष्ट लिहा: केव्हा सुटला. क्लिप सुटताक्षणी? अर्ध्या वाटेत, जोरात पळताना? का बोटीजवळ, जाळी पाण्यात घातल्यावर? या तीन वेळांचे दोष वेगवेगळे आहेत. आम्ही आधी हे न करता एकदम सगळंच बदललं, त्यात एक अख्खा महिना आणि बरेच पैसे गेले, आणि कशाने फरक पडला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या वहीत त्या मोसमाच्या शेवटी सगळ्यात जास्त खुणा पहिल्या रकान्यात होत्या.

क्लिप सुटताक्षणी गेला: काठी बघा

डाउनरिगर न वापरलेल्यांसाठी थोडक्यात. तारेला शिशाचा जड गोळा बांधून तो ४०, ५०, ८० फूट खाली सोडतात. आपला दोर त्या तारेवरच्या क्लिपमध्ये चिमटीत धरलेला असतो, त्यामुळे हलकं आमिषही हव्या त्या खोलीवर चालतं. बोट ताशी सव्वा ते दीड मैलाने सरकते. काठी होल्डरमध्ये कमानीसारखी वाकवून ठेवलेली असते. मासा ओढतो, दोर क्लिपमधून निसटतो.

निसटला की त्या क्षणी काय होतं ते डोळ्यापुढे आणा. क्लिपपासून काठीपर्यंतचा दोर आणि क्लिपपासून माशापर्यंतचा दोर यांच्यात आतापर्यंत कोन होता. तो उघडतो आणि काही फूट दोर एकदम सैल होतो. हा सैल दोर कुणीतरी तत्काळ गोळा करायला हवा. तुम्ही धावत येईपर्यंत ते काम एकटी काठी करते. खोलवर वाकलेली मऊ काठी सरळ होता होता दोन-चार फूट दोर उचलते आणि तरीही थोडी वाकलेलीच राहते, म्हणजे ताण टिकतो. ताठ काठीचं फक्त टोक वाकलेलं असतं. ते एक झटका देऊन सरळ होतं, आणि तिच्याकडे द्यायला पुढे काही उरत नाही. आधी हिसका, मग सैल दोर. माशाला सुटायला दोन्ही मिळालं.

माझी चूक इथे होती, आणि ती फार लोक करतात. मी काठी ‘अल्ट्रालाइट’ बघूनच घेतली होती. सहा फुटी, ग्रॅफाइटची, हातात पिसासारखी. पण तिच्यावर दुसरा एक शब्द होता, ‘फास्ट’, आणि तो मी वाचून सोडून दिला. काठीवर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. पॉवर म्हणजे ती वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे ती कुठे वाकते. फास्ट काठी टोकाशी वाकते आणि खाली ताठ राहते. स्लो किंवा मॉडरेट काठी मधून, अगदी मुठीपर्यंत वाकते. फास्ट काठी आमिष फेकण्यासाठी आणि ट्राउटचा चावा जाणवण्यासाठी उत्तम. कोकनीसाठी ती हलकी असूनही ताठच. हलकी आणि मऊ हे दोन वेगळे गुण आहेत, आणि आपल्याला दोन्ही हवेत.

हे मला काठीने शिकवलं नाही. शिकवलं बाबांनी.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाबा देवगडहून आले होते. त्यांच्यासाठी दोन दिवसांचा परवाना काढून त्यांना स्टॅम्पीडला नेलं. बाबांनी आयुष्यभर खडकावर बसून गरवलंय; काठी त्यांनी कधी हातात धरली नाही. तंगूस (नायलॉनचा एकेरी दोर), गरी म्हणजे गळ, शिसं आणि डाव्या हाताचं बोट, एवढंच सामान. माझे लागोपाठ तीन मासे सुटलेले बघून त्यांनी काठीचा दोर मागितला, रिळाच्या पुढे बोटावर घेतला आणि चौथा मासा लागल्यावर मला म्हणाले, “ओढतंस कित्याक? वाईच ढील दी, मगे घे.” मासा हिसका मारी तेव्हा त्यांचं बोट पुढे जाई, मासा थांबला की बोट मागे येई. दोर एकदाही लोंबकळला नाही आणि एकदाही टणक झाला नाही. त्या सकाळी त्यांच्या बोटावर आलेल्या चारपैकी तीन मासे जाळीत आले. चौथा गेला त्याचं खापर त्यांनी माझ्या जाळीवर फोडलं, आणि ते बरोबर होतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

चांगल्या कोकनी काठीने करायचं ते काम म्हणजे बाबांच्या त्या बोटाचं काम. तेव्हापासून मी प्रत्येक काठीकडे त्याच नजरेने बघतो.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. काठीच्या सगळ्या कड्यांतून दोर ओवा, त्याला पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली बांधा. हे झालं साधारण अर्धा किलो, म्हणजे पौंडाच्या थोडं वर. काठी आडवी धरून बाटली सावकाश उचला आणि बाजूने कुणाला तरी बघायला सांगा, नाहीतर फोटो काढा. कमान काठीच्या मध्याच्या खाली उतरली पाहिजे. वरचाच एक-तृतीयांश भाग वाकून बाकीची काठी सरळ राहिली, तर ती काठी कोकनीसाठी नाही, मग वर काहीही छापलेलं असो. आता बाटली हातावर घेऊन एकदम सोडा. मऊ काठी हळू डोलत थांबते. ताठ काठी ठण्णकन थांबते, तो धक्का मुठीत येतो. तोच धक्का माशाच्या तोंडात जातो.

लांबी साडेसात ते साडेआठ फूट असावी. लांब काठी जास्त सैल दोर खाते आणि वाकायला तिच्यात जास्त जागा असते. साडेआठच्या पुढे गेलात तर लहान बोटीत मासा जाळीपाशी आणताना अडचण होते. आमची बोट १६ फुटी आहे, तिच्यात आठ फुटी काठ्या बऱ्या पडतात. काठीवर दोराची क्षमता ४ ते १० पौंड किंवा त्याच्या आसपास लिहिलेली बघा. फायबरग्लास, किंवा फायबरग्लास आणि ग्रॅफाइट मिसळलेली काठी घ्या. निव्वळ ग्रॅफाइटची मऊ काठी मिळते, पण महाग असते आणि कडेवर आपटली तर तडकते. लॅमिग्लास, ओकुमा अशा कंपन्या कोकनीसाठी म्हणून वेगळ्या काठ्या बनवतात. नाव बघून घेतलीत तरी बाटलीची परीक्षा चुकवू नका.

काठी बरोबर असूनही क्लिपपाशी मासे जात असतील तर ती होल्डरमध्ये पुरेशी वाकवून ठेवलेली नाही. गोळा खाली पोचल्यावर रीळ हळूहळू फिरवत राहा, टोक पाण्याकडे झुकेपर्यंत. पहिल्यांदा भीती वाटते की मोडेल. मऊ काठी मोडत नाही. आणि मासा लागल्यावर काठी उचलून झटका द्यायची सवय सोडा. गळ बोट पुढे सरकण्यानेच रुतलेला असतो. काठी हातात घ्या, आधी रीळ फिरवा, मग हळू उचला.

अर्ध्या वाटेत गेला: रीळ आणि दोर

इथे दोष बहुतेक वेळा ड्रॅगचा असतो, आणि बाहेरून तो दिसत नाही.

ड्रॅग म्हणजे रिळातल्या चकत्यांचं घर्षण, माशाने जोर लावला की दोर सुटू देणारं. मोठ्या माशासाठी लोक विचारतात की ड्रॅग जास्तीत जास्त किती पौंड धरतं. कोकनीसाठी तो आकडा निरर्थक आहे. आपल्याला हवं ते अगदी कमी जोरावर न अडखळता सुटणारं ड्रॅग. पुष्कळ रिळं २० पौंड छान धरतात, पण एक पौंडावर लावली की आधी चिकटतात आणि मग एकदम सुटतात. तो चिकटलेला क्षण म्हणजे हिसका, आणि सुटण्याचा क्षण म्हणजे सैल दोर. माझ्या पहिल्या लाइन-काउंटर (किती दोर सुटला ते दाखवणाऱ्या) रिळात हेच होतं, आणि मी महिनाभर दोष काठीला देत होतो.

हे तपासायला विमानाच्या बॅगा मोजायचा काटा पुरतो, तो आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी असतोच. दोर काठीतून ओवून काट्याला बांधा. काठी ४५ अंशांवर धरा आणि दुसऱ्याला काटा हळूहळू ओढायला सांगा. दोन आकडे बघायचे: दोर सुटायला लागला तेव्हाचा, आणि एकसारखा सुटत असतानाचा. ड्रॅग असं लावा की चालू आकडा एक पौंडाच्या, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास येईल. सुरुवातीचा आकडा त्याहून किंचितच जास्त असला तर रीळ चांगलं. सुरुवातीला दोन आणि मग एक, असं दिसलं तर ते रीळ या कामाचं नाही, निदान उघडून साफ केल्याशिवाय नाही. चकत्या कार्बनच्या असतील तर ड्रॅगसाठी मिळणारं खास ग्रीस अगदी पातळ लावल्याने बराच फरक पडतो. फेल्टच्या चकत्या हिवाळाभर आवळून ठेवल्याने दबल्या असतील तर बदलाव्याच लागतात.

काटा बोटीवर विसरलात तर हाताने अंदाज असा: रिळापाशी दोर दोन बोटांत धरून ओढला की तो बोटाला न रुतता निघाला पाहिजे.

रीळ भरलेलं आहे का तेही बघा. ड्रॅगची पकड आसावर असते. भेंडोळं बारीक झालं की तीच पकड दोराला जास्त जड लागते. अर्धवट भरलेल्या रिळावर ‘मी तर ड्रॅग सैल ठेवलं होतं’ म्हणणारे बरेच भेटतात. शिवाय लाइन-काउंटर फेरे मोजतो, फूट नाही. भेंडोळं बारीक असेल तर तो ६० दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात दोर ६० पेक्षा कमी सुटलेला असतो, आणि शेजारची बोट सांगते त्या अंतरावर तुमचं आमिष नसतंच.

रीळ कुठल्या प्रकारचं? माझं मत स्पष्ट आहे: लहान, आडव्या बसणाऱ्या, लेव्हलवाइंड (दोर भेंडोळ्यावर सारखा पसरवणारी सोय) असलेल्या रिळांमधलं सगळ्यात हलकं घ्या. काउंटर असला तर उत्तम, कारण गोळ्यामागे ज्या अंतरावर मासा लागला ते अंतर पुन्हा पकडता येतं. पण काउंटरसाठी जडशीळ रीळ घेऊ नका. समुद्रातल्या सामनसाठीची गोल रिळं हलक्या काठीवर लावली की सगळा तोल मुठीत येतो आणि हात टोकाशी काय चाललंय ते सांगेनासा होतो. एका फेऱ्यात किती इंच दोर गोळा होतो तेही खोक्यावर वाचा. कोकनी पुष्कळदा सुटकेसाठी खाली न जाता थेट वर, बोटीकडे धावतो. फेऱ्याला २० इंचांपेक्षा कमी गोळा करणाऱ्या रिळाने ते अंतर भरून काढताना धाप लागते.

घरी असलेलं स्पिनिंग रीळ चालेल का, हा प्रश्न दरवेळी येतो. एक-दोन सहलींना चालेल. कायमचं नको, आणि त्याचं कारण यांत्रिक आहे. स्पिनिंग रिळाचं ड्रॅग सुटत असताना तुम्ही हँडल फिरवत राहिलात तर दोर गोळा होत नाही, पण त्याला पीळ बसत जातो, एका फेऱ्याला पाच-सहा पीळ. एरवी हे क्वचित होतं. कोकनीसाठी ड्रॅग इतकं सैल असतं की ते प्रत्येक माशाला होतं. दुपारपर्यंत दोराच्या आपोआप वेटोळ्या पडायला लागतात, आणि क्लिपमध्ये अडकवताना तिथेच गाठ बसते.

आता दोर. वेणीचा, म्हणजे बारीक धागे विणून केलेला दोर ताणला तरी लांबत नाही. तो गुण इतरत्र मोलाचा, इथे घातक. साधं तंगूस, ८ ते १० पौंडांचं, ताणलं की लांबतं आणि हिसक्याचा काही भाग स्वतः गिळतं. वेणीचा दोर भरलेलाच असेल तर टाकू नका, त्याच्या पुढे ५० फूट तंगूस जोडा. क्लिपही त्या तंगुसावरच येऊ द्या, कारण बारीक वेणी क्लिपमधून घसरते. काठी मऊ, ड्रॅग गुळगुळीत, आणि तरी मासे अर्ध्या वाटेत जात असतील तर मी आधी दोर विचारतो.

आणखी एक: मासा लागल्यावर बोट थांबवू नका. थांबवली की डॉजर (आमिषाच्या पुढे हेलकावत मासा खेचणारा चकचकीत पत्रा) खाली बसतो, दोर सैल पडतो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. वेग थोडा कमी करा, पण बोट सरकती ठेवा.

टोक नुसतंच थरथरतं, क्लिप सुटतच नाही

हा प्रकार सुटलेल्या माशांच्या यादीत येत नाही, कारण मासा होता हेच कळत नाही. कॅलिफोर्नियातल्याच न्यू बुलर्ड्स बार जलाशयात कोकनी पुष्कळ, पण आकाराने लहान, दहा-अकरा इंचांचे. क्लिपमध्ये दोर खोल घातला असेल तर एवढ्या माशाला तो सोडवता येत नाही. तो बिचारा दहा मिनिटं मागे ओढला जातो, आणि तेवढ्या वेळात भोक रुंद होतं. मग तुम्ही संशयाने दोर सोडवता आणि पहिल्याच उसळीत तो जातो.

दोर क्लिपच्या रबरी गादीच्या अगदी कडेला धरा. हाताने हलकेच ओढून बघा, मनगटाच्या एका झोकात निघाला पाहिजे. इथेही मऊ काठीचा एक फायदा आहे, जो मला उशिरा कळला: तिचं टोक डॉजरच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर एका लयीत मान डोलावतं. ती लय मोडली की समजावं, मासा आहे किंवा गवत अडकलंय. ताठ काठी डॉजरही दाखवत नाही आणि लहान मासाही दाखवत नाही.

क्लिप हाताने सोडवायची वेळ आली तर काठीला झटका देऊ नका. टोक पाण्याला टेकेपर्यंत रीळ फिरवा आणि एकाच लांब, सावकाश उचलीने दोर सोडवा.

बोटीजवळ गेला

बाबांचा चौथा मासा. बोट दिसली की कोकनी शेवटची धाव घेतो, उडी मारतो आणि स्वतःभोवती गिरक्या घेतो. या वेळी दोर जेमतेम दहा-पंधरा फूट उरलेला असतो, म्हणजे तंगुसाच्या लांबण्याचा आधार संपला. सगळं काठीवर आणि ड्रॅगवर आलं. लोक नेमकं याच वेळी अंगठा रिळावर दाबतात. दाबू नका. उलट ड्रॅग अर्धा फेरा सैल करा. काठीचं टोक उंच न धरता बाजूला, पाण्याच्या जवळ धरलं तर मासा उडीऐवजी आडवा पळतो.

जाळीचा दांडा लांब हवा, निदान सहा फूट. मी पहिल्या वर्षी ट्राउटची आखूड जाळी घेऊन वाकत होतो, आणि मासा बोटीच्या सावलीत आला की सुटत होता. जाळी आधीच पाण्यात धरून ठेवा आणि मासा तिच्यावर आणा. माशामागे जाळी घेऊन धावू नका. डॉजर आणि गळ यांच्यामध्ये दहा-बारा इंचांचाच लीडर, म्हणजे जोडदोर असतो, तेव्हा डॉजर काठीच्या टोकाच्या कडीत ओढून घेऊ नका. तेवढं अंतर ठेवूनही मासा जाळीपर्यंत यायला हवा, म्हणून दांडा लांब.

गिरक्यांसाठी डॉजरच्या पुढे चांगलं बॉल-बेअरिंग स्विव्हल (दोराला पीळ न बसू देणारी फिरती कडी) लावा. गळ ४ किंवा ६ नंबरचे, एकापाठोपाठ दोन बांधलेले, बारीक तारेचे. नखावर टेकवून बघा. घसरला तर बोथट आहे. हे रोज करा, कारण गळाला धार नसेल तर वरचं काहीच कामाला येत नाही. काही पाण्यांवर टोकामागे उलटा दात नसलेले गळच चालतात, ते त्या त्या राज्याच्या नियमांत आधी बघून घ्या. तसे गळ असतील तर सैल दोराला अजिबात माफी नाही.

लगेच नवी काठी घ्यायची नसेल तर

स्नबर नावाची रबरी नळी मिळते, आत दोर असलेली, ओढली की लांबणारी. जुने लोक ती वर्षानुवर्षं वापरत आलेत. ती डॉजरच्या पुढे, काठीच्या बाजूला लावायची. डॉजर आणि आमिषाच्या मध्ये लावली तर आमिषाचा नाच मरतो. ताठ काठी, तंगूस आणि स्नबर यांवर एक मोसम निघतो. आम्ही तो तसा काढला, आणि अकराला दोनचं प्रमाण अकराला पाचवर आलं. मऊ काठ्या आल्यावर, गेल्या जुलैत, त्याच पाण्यावर मुलाच्या वहीत दहाला आठ आहेत.

पैसे मोजकेच असतील तर आधी काठी, मग दोर, मग रीळ. रिळावर खर्च आधी करणारे बरेच दिसतात, कारण रीळ दुकानाच्या काचेत चमकतं. दोन काठ्या चालवायच्या असतील तर कॅलिफोर्नियात परवान्यावर दुसऱ्या काठीची वेगळी नोंद लागते, आणि दोन्ही काठ्या एकाच जातीच्या घ्या, म्हणजे एकीच्या डोलण्यावरून दुसरीचं बिघडलेलं कळतं.

सप्टेंबर लागला की माशांचा रंग फिरायला लागतो आणि नरांचे जबडे वाकून टणक होतात. तेव्हा सुटण्याचं प्रमाण आपोआप कमी झालेलं दिसलं तर ते सामानाचं यश समजू नका. तुलना जून-जुलैच्या चंदेरी माशांशीच करा. त्या दिवसांतले मासे जाळीत आले की लगेच कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर मांस दुपारपर्यंत मऊ पडतं. बाबांनी त्यांच्या तीन माशांचं तिरफळं घालून तिखलं केलं होतं. तेलकट मासा आहे, बांगड्यापेक्षा मसाला थोडा जास्त ओढतो.

घरी आल्यावर काठ्या पुसून उभ्या ठेवा, आणि रिळाचं ड्रॅग पूर्ण सैल करा. पुढच्या सहलीला निघताना काट्यावर पुन्हा एक पौंड लावून घ्या.